कासाबियांका करावी की रुबी?

दोन महायुद्धांमधल्या काळातली फ्रेंच पाणबुडी करायची म्हटलं की मॉडेलवाल्यांची नजर आधी सुर्कूफवर जाते. 203 मिलिमीटरच्या दोन तोफा आणि मागे विमान, तिच्या कौतुकात मी आणखी काय भर घालणार? ती सोडून ज्यांना प्लास्टिक शीट कापून स्वतः बांधायचंय, त्यांच्यापुढे बहुधा दोन वर्ग, म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटींचे गट, उरतात, रदूताब्ल आणि साफिर. मी दोन्हींना हात घातला. एक आज काचेच्या कपाटात आहे, दुसरी माळ्यावर खोक्यात.

गोष्टीच्या मोहाने मी आधी रदूताब्ल वर्गातली कासाबियांका घेतली. 27 नोव्हेंबर 1942 ला तूलाँ बंदरात फ्रेंच ताफा स्वतःच्या हाताने स्वतःला बुडवत होता, तेव्हा कमांडर लेर्मिनिए हिला घेऊन निसटले. पुढे कॉर्सिका बेटावर चोरून माणसं आणि हत्यारं उतरवणं, सप्टेंबर 1943 मध्ये 109 सैनिक कोंबून तिथलं अजाक्सिओ बंदर गाठणं, हे सगळं वाचल्यावर सुरी हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. शिवाय 1/200 ला, म्हणजे खऱ्या बोटीच्या दोनशेव्या भागाएवढी केली तर, ती दीड फुटाहून मोठी, 46 सेंटिमीटर होते. कपाटात भारदस्त दिसते. या वर्गाच्या 31 बोटी झाल्यामुळे फोटोही बरेच मिळतात. फक्त तारीख बघून घ्या, कारण 1944-45 मध्ये फिलाडेल्फियाला दुरुस्ती होऊन आलेली कासाबियांका आणि त्याआधीची, या दोन वेगळ्या बोटी समजा.

तेही चाललं असतं. मला नडले ते फिरते टॉर्पेडो नळे. बोट न वळवता आडवा मारा करता यावा म्हणून फ्रेंचांनी नळ्यांचे दोन जुडगे दाबकवचाच्या (पाण्याचा दाब सोसणाऱ्या आतल्या कवचाच्या) बाहेर, डेकखाली, फिरत्या बैठकीवर बसवले. एक मनोऱ्यामागे तिघांचा, दुसरा शेपटाकडे चौघांचा. त्या चौघांतले दोन 400 मिलिमीटरचे, किरकोळ सावजांसाठी. समुद्रात असताना हे बाहेरचे नळे पुन्हा भरता यायचे नाहीत, पण ती डोकेदुखी त्यांची. आपली अशी की त्या जागी डेकला मोठी खिंडारं आहेत आणि आतलं सगळं दिसतं. म्हणजे वरचं कवच पोकळ, त्याच्या आत दुसरं कवच, मध्ये नळे. अर्धा मिलिमीटरची शीट खिंडाराच्या कडेला वाकायची. सरळ केली की दुसरीकडे फुगायची. तिसऱ्या वेळेला मी खोकं बंद केलं. कदाचित माझाच हात जड असेल.

साफिर वर्गातल्या रुबीलाही असा जुडगा आहे, पण एकच. लांबी 66 मीटर, म्हणजे आपल्याकडे 33 सेंटिमीटर, त्यामुळे शीटही कमी ताणली जाते. खोट एक आहे, आणि ती लपवत नाही. तिचं नाव झालं ते पाणसुरुंगांमुळे. ते 32 सुरुंग बाहेरच्या टाक्यांमधल्या उभ्या विहिरींत बसायचे आणि खालून सुटायचे. त्यामुळे पाण्याच्या रेषेपर्यंतचं मॉडेल केलंत तर तिचा खरा दागिनाच दिसत नाही. पूर्ण पोटासकटच करा.

गोष्टीतही ती मागे नाही, फक्त गाजावाजा कमी. 1940 मध्ये ती स्कॉटलंडमधल्या डंडीहून नॉर्वेच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरत होती आणि फ्रान्स पडल्यावर जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या मुक्त फ्रेंचांकडेच राहिली. फ्रेंच सुरुंग मिळेनासे झाले तेव्हा इंग्रजी सुरुंग तिच्या विहिरींत बसवून घेतले. कमांडर आधी काबानिए, मग रूसलो. तिची बहीण पेर्ल मात्र जुलै 1944 मध्ये मित्रराष्ट्रांच्याच विमानांनी चुकून बुडवली, एकच माणूस वाचला. रुबी युद्धातून सुखरूप परतली. 1958 मध्ये तिला सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या, सरावासाठी दक्षिण फ्रान्समधल्या काप कामारापाशी मुद्दाम बुडवलं. 41 मीटरवर आहे, पाणबुडे जाऊन फोटो काढतात. त्यातले काही फोटो पोटाचा बाक काढताना मला फार कामी आले.

पहिल्यांदाच बांधत असाल तर रुबी घ्या, असं मी आपलं भीत भीत सुचवीन. हात बसलेला असेल आणि डेक पोकळ करायची हौस असेल, तर कासाबियांकाला नाही म्हणवणार नाही. हवं तर माझं खोकंही घेऊन जा.

रुबीवर बाक्कस नावाचा कुत्रा होता. 1/200 ला तो जेमतेम तीन मिलिमीटर भरतो. माझा रंग देतानाच चिमट्यातून उडाला, अजून सापडलेला नाही.