लान्सेलॉटच्या ढालीवरचे उलटे पट्टे आणि माझे ८५,६४० रुपये

आधी आकडे सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण प्रथम तेच विचारतो आणि मग सहानुभूती किती दाखवायची ते ठरवतो. २०,००० रुपये आगाऊ, ४१,५०० रुपये उरलेली किंमत, ९,८४० रुपये तथाकथित ‘राज्य प्रवेश कर’ आणि १४,३०० रुपये ‘परत मिळणारी विमा अनामत’, असे एकूण ८५,६४० रुपये मी गमावले. त्याबदल्यात ब्रिटनच्या आर्थर राजाच्या दंतकथेवर बेतलेली, रंगवून तयार असलेली ८४ मिनिएचरची (युद्धखेळातल्या छोट्या मूर्तींची) फौज, म्हणजे ३६ घोडेस्वार आणि ४८ पायदळ, फोंड्याला माझ्या घरी यायची होती. आले काहीही नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे नाव न देता लिहीत आहे. वर्गात मुलांना ‘नीट निरीक्षण करा’ असे सांगणाऱ्या माणसाचे हे प्रकरण आहे, याची टोचणी मला पुरेशी आहे.

‘खेळण्यांवर एवढे पैसे कशाला?’ हा प्रश्न घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांनी विचारला, म्हणून त्याचे उत्तर येथे एकदाच देतो. टेबलावर खेळायच्या युद्धखेळांत वॉरहॅमर हा १९८३ पासून चालत आलेला खेळ असून त्यातील ब्रेटोनिया हे राज्य उघडउघड आर्थरच्या कथांवर आणि मध्ययुगीन फ्रान्सवर बेतलेले आहे: सरोवराची देवी, पवित्र पात्राच्या शोधात निघालेले सरदार, पंखांच्या घोड्यांवरचे स्वार, हिरवा सरदार. खेळाच्या १९९६ च्या पेटीत हे सरदार सरडेमानवांसमोर उभे होते. २०१५ मध्ये तो जुना खेळच बंद झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या रूपात परतला तेव्हा हेच सरदार पुन्हा पुढे आले. मधल्या काळात धातूच्या जुन्या मिनिएचरना जो भाव आला, तो छंदातल्या माणसांना सांगायला नको. शिवाय इतर फौजांत एकच गणवेश असतो आणि तीस सैनिकांना एका बैठकीत निळा रंग देता येतो. येथे मात्र प्रत्येक सरदाराची ढाल, त्याचे निशाण आणि घोड्याची झूल वेगळी असते, कारण प्रत्येकाचे कुलचिन्ह वेगळे असते. नखाएवढ्या ढालीवर सिंह काढणे म्हणजे काय, हे ज्याने काढला आहे त्यालाच ठाऊक. त्यात आमच्या गोव्याचा पावसाळा. मृगापासून चवथीपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की फवाऱ्याचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मिनिएचरवर पिठासारखा खरखरीत बसतो आणि सगळे घासून काढावे लागते. परदेशातून मागवायचे म्हटले, तर खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. अशा स्थितीत देशातल्याच कोणाकडून रंगवलेली फौज ६१,५०० रुपयांना, म्हणजे नगाला सुमारे ७३२ रुपयांना मिळत असेल, तर तो सौदा स्वस्त होता, पण अशक्यप्राय स्वस्त नव्हता. फसवणाऱ्याचे कसब नेमके येथेच होते. त्याने १५,००० सांगितले असते, तर मी त्याला तिथेच वाटेला लावले असते.

तो स्वतःला पुण्याचा म्हणवत होता, जर्मनीत नोकरी लागल्यामुळे संग्रह विकत असल्याचे सांगत होता आणि स्वच्छ मराठीत, प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हणून बोलत होता. सुरुवातीला त्याने ६८,५०० रुपये मागितले, मी घासाघीस केली आणि तो कुरकुरत ६१,५०० वर आला. भाव उतरवून घेतला की आपणच वरचढ ठरलो असे वाटते. ही भावना तो मला फुकट देत होता. पैसे ज्या यूपीआय खात्यावर मागितले त्याचे नाव त्याच्या नावाशी जुळत नव्हते. ते पत्नीचे खाते असल्याचे त्याने सांगितले. आपल्याकडे घरोघरी हेच चालते, त्यामुळे यात मला वावगे वाटले नाही आणि कोणाही सरळ माणसाला वाटले नसते. तरीही तुम्ही असे करू नका. नाव जुळत नसेल, तर एक रुपयाही पाठवू नका. समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

आता त्या क्षणाकडे येतो, ज्याची आठवण झाली की मला अजूनही स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. त्याने पाठवलेली छायाचित्रे अप्रतिम होती. ही नेहमीची ब्रेटोनियाची फौज नव्हती. मिनिएचर ब्रेटोनियाची, पण ढाली गोलमेजाच्या, म्हणजे लान्सेलॉट, गॅवेन, गॅलाहॅड अशा आर्थरच्या दरबारातल्या सरदारांच्या होत्या. कुलचिन्हांची पद्धत युरोपात बाराव्या शतकात रुजली, त्यामुळे आर्थरच्या मानल्या गेलेल्या काळात ती असणे शक्यच नव्हते; पण पुढच्या शतकांतल्या चिन्हकारांनी या सरदारांना मागाहून चिन्हे बहाल केली आणि रंगवणारे आजही त्यांनाच प्रमाण मानतात. आर्थरचे निळ्यावर तीन सोनेरी मुकुट बरोबर होते. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यात गॅवेनच्या ढालीवर लालावर सोनेरी पंचकोनी तारा सांगितला आहे. तोही बरोबर होता. गॅलाहॅडचा पांढऱ्यावरचा लाल क्रूसही बरोबर होता. लान्सेलॉटच्या पांढऱ्या ढालीवर मात्र तीन लाल तिरके पट्टे उलट्या दिशेने उतरत होते. पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून निघून उजवीकडे खाली यायला हवेत, ते उजवीकडून डावीकडे येत होते.

हे मला दिसले होते. दिसले नाही असे म्हणण्याची सोयही उरलेली नाही, कारण मी ते त्याला लिहून कळवले! उलट दिशेचा तिरका पट्टा हा युरोपात औरस नसलेल्या संततीचा संकेत असल्याची लोकसमजूत आहे, आणि गॅलाहॅड हा लान्सेलॉटचा विवाहबाह्य संबंधातून झालेला पुत्र. तेव्हा रंगवणाऱ्याने बापाच्याच ढालीवर हा टोमणा मारला असावा, असा अर्थ मी लावला आणि ‘तुमची ही खोच फार आवडली’ असे कौतुकाने लिहिले. त्याचे उत्तर अर्ध्या मिनिटात आले: ‘सर, आजवर हे ओळखणारे तुम्हीच पहिले.’ त्या एका वाक्याने माझ्याकडून २०,००० रुपये काढले. छायाचित्रे आरशातल्यासारखी उलटवलेली होती, एवढाच त्याचा अर्थ होता. युरोपातल्या एका छांदिष्टाने अनेक वर्षांपूर्वी आपल्या फौजेची छायाचित्रे मांडली होती. विक्रीचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. ती उचलून उलटवली, की चित्रावरून मूळ चित्र शोधणारी यंत्रणा अनेकदा चकते. मुकुट, तारा आणि क्रूस उलटवले तरी तसेच दिसतात. तिरके पट्टे तेवढे चुगली करतात. आणि केवळ पट्टेच नव्हे, तर छत्तीसच्या छत्तीस स्वारांचे भाले डाव्या हातात आणि ढाली उजव्या हातात होत्या. डावखुऱ्यांची अख्खी पलटण माझ्यासमोर उभी होती. पट्ट्यांचा खुलासा मिळाल्याच्या आनंदात मी हातांकडे पाहिलेच नाही. ज्याला यातले काहीच कळत नाही, तो कदाचित वाचला असता. ज्याला थोडे अधिक कळते, त्याला त्याच्याच ज्ञानाचे गाजर दाखवता येते. म्हणून विक्रेत्याच्या छायाचित्रांवर विसंबू नका; ती स्वतः उलटवून पुन्हा शोधा, आणि तुमचे नाव व आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी मिनिएचरशेजारी ठेवून, ते बोटांत धरून बेसच्या (ते उभे असते त्या बैठकीच्या) खालची बाजू दाखवणारा व्हिडिओ मागा. मी व्हिडिओ मागितला होता, हेही नमूद करतो. ‘खोके पॅक झाले’ असे उत्तर आले, आणि नाजूक निशाणे पुन्हा बाहेर काढायला लावणे मलाच जिवावर आले.

उरलेले ४१,५०० गेल्यावर कुरियरच्या मागोव्याची एक लिंक आली. त्या पानावर पार्सलचे वजन ९०० ग्रॅम लिहिले होते. धातूच्या स्वारांसह ८४ मिनिएचर, फोम आणि खोके यांचे वजन ९०० ग्रॅम! मागोवा गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यावर थांबला आणि ९,८४० रुपयांच्या प्रवेश कराची मागणी आली. गोव्यात मालावरचा प्रवेश कर पूर्वी खरोखरच होता, म्हणूनच तो शब्द ओळखीचा वाटला. मात्र १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर तो त्यात विलीन झाला, हे मी वर्तमानपत्रात वाचूनही विसरलो होतो. नाक्यावर गाड्या अडवलेल्या पाहतच आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे पार्सलही अडवले असेल यात नवल वाटले नाही. शासनाचा कोणताही कर एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर जमा होत नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. त्यानंतरच्या १४,३०० रुपयांच्या अनामतीबद्दल मी फार काही लिहिणार नाही. आधीचे ७१,३४० वाचवण्यासाठी ते दिले. एवढे अडकल्यावर माणूस असाच विचार करतो. त्यानंतर त्याचा फोन बंद झाला.

आता खऱ्या वैतागाकडे वळतो. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर अनेकदा प्रयत्न केल्यावर तक्रार नोंदवली गेली, पोचक्रमांकही मिळाला. फसवणूक लक्षात येताच पहिल्या तासाभरात फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी खाती गोठवता येतात. म्हणून आधी रडगाणे गायला बसू नका, आधी फोन करा. माझ्या बाबतीत पहिल्या दोन रकमा केव्हाच चार खात्यांतून फिरून काढल्या गेल्या होत्या. एका खात्यात ३,११२ रुपये अडकले, असे मला सांगण्यात आले. ते मिळवायचे, तर न्यायालयाचा आदेश आणा, असेही तेव्हा सांगितले. वकिलाची एका तारखेची फी त्याहून अधिक आहे.

पोलीस ठाण्यात मी छायाचित्रे, संदेश आणि व्यवहारांच्या पावत्या क्रमवार लावून नेल्या होत्या. समोरच्या अधिकाऱ्याने पहिले छायाचित्र पाहिले, शेजाऱ्याला दाखवले आणि विचारले, ‘मास्तर, बावल्यांक साठ हजार?’ दोघे हसले. अर्जात मी मालाचे सविस्तर वर्णन लिहिले होते. नोंद झाली ‘जुनी खेळणी’ अशी. मग मला सांगण्यात आले की हे सायबर विभागाचे काम आहे. सायबर विभागाने सांगितले की रक्कम पाहता स्थानिक ठाण्यातच द्या. स्थानिक ठाण्याने मग खातेदार परराज्यातला असल्याचा शोध लावला. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली माहितीही तीन दिवसांत सही केल्यावर नोंदवली जाते. हे मी कागदावर छापून दाखवले, तेव्हा ‘तुम्ही मास्तर की वकील?’ असा प्रश्न आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीसाठी १४ दिवस घेता येतात. माझ्या अर्जाला ती सबब लागू नव्हती, तरी ‘चौकशी सुरू आहे’ हेच उत्तर मिळत राहिले, ते चौदा दिवस कधीच उलटून गेल्यावरही. माझ्या हाती आजही अर्ज मिळाल्याच्या शिक्क्यापलीकडे काही नाही. मोटारसायकल चोरीला गेली असती, तर तिची किंमत विचारून कोणी हसले असते का?

बँकेचे उत्तर तर छापील होते: ‘पिन तुम्ही स्वतः टाकला.’ ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना जे संरक्षण आहे, ते फसवून मिळवलेल्या संमतीला नाही, हे मला शाखेतल्या काउंटरवर उभे राहून समजले. पैसे ज्या खात्यात गेले, त्या खात्याची कागदपत्रे कोणत्या बँकेने कशी तपासली, हा माझा प्रश्न मात्र कोणीच लिहून घेतला नाही. बँकेने तीस दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मी गेलो आहे. उत्तर आलेले नाही.

प्रत्येक संदेश, लिंक आणि खात्याचे नाव यांचे स्क्रीनशॉट तेव्हाच्या तेव्हा काढून ठेवा. फसवणारा संभाषण पुसतो, आणि पुसलेल्या संभाषणाबद्दल ठाण्यात कोणालाही उत्साह नसतो. शक्य असेल तर समक्ष भेटून घ्या. मडगाव किंवा पणजीतल्या याच छंदातल्या माणसांना विचारले असते, तर कोणीतरी पुण्यातला माणूस पाठवला असता. मी विचारले नाही, कारण तोवर कोणाला कळू न देता एकदम फौज टेबलावर मांडायची होती.

गेल्या आठवड्यात तीच छायाचित्रे दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. आता तो नागपूरचा आहे, कॅनडाला निघाला आहे आणि ५८,००० रुपये मागतो आहे. जाहिरात ज्या संकेतस्थळावर होती, त्याच्याकडे मी तक्रार केली. यंत्राचे उत्तर आले की या जाहिरातीत कोणत्याही नियमाचा भंग आढळलेला नाही.