"काका, काल देतो म्हणालात ना?"

अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई गेल्यापासून फोंड्याजवळच्या घरात एकटेच, मागे थोडंसं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळांची बाग. मी लग्न होऊन मडगावात, भाऊ दुबईला. विसरणं आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पोफळींना पाणी सोडलं का, हे तीनतीनदा विचारायचे, एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. वयच झालंय, म्हणून सोडून दिलं. चुलतभाऊ शेजारीच. औषधं आणायचा, बँकेत न्यायचा. आम्ही त्याचे उपकार मानत होतो, गणेश चवथीला त्याच्या बायकोला साडीसुद्धा नेली.

अण्णा रोजचा खर्च वहीत मांडतात. गेल्या मे महिन्यात ती सहज चाळली. पाच तारखेला 'उसने दिले २०,०००', पुढे पुतण्याचं नाव. नऊला तीच ओळ. सोळाला पुन्हा. फळ्यावरच्या सुविचारासारखं वळणदार अक्षर तिसऱ्या वेळी रेघेखाली घसरलेलं. मागे मागे जात मोजलं तर चौदा महिन्यांत अकरा नोंदी, सगळ्या वीस हजारांच्या. पासबुकात तेवढेच सेल्फचे चेक. दोन लाख वीस हजार गेले होते.

कसं, ते कामाला येणाऱ्या बाईने सांगितलं. तो ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "काका, काल देतो म्हणालात ना?" अण्णांना कालचं काही आठवत नसायचं. पण जन्मभर पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेला माणूस 'मला आठवत नाही' कुठल्या तोंडाने म्हणणार? "हो हो, म्हणालो होतो खरा," म्हणत चेकबुक काढायचे. दमदाटी नाही, खोटी सही नाही. म्हाताऱ्याला विसरण्याची जी लाज वाटत होती, तिच्यावर याने पैसे काढले.

कुळागर वाचलं ते गोव्याच्या कायद्यामुळे, आमच्या हुशारीमुळे नाही. "घरपट्टीचं काम आहे," म्हणत तो कागद घेऊन मडगावला आला. माझी सही मागितली, ते ठीक. पण "भावोजींचीही लागेल" म्हणाला आणि माझा नवरा चमकला. घरपट्टीला जावयाची सही कशाला? आतली पानं उलटली तर विक्रीखताचा मसुदा, सोबत अण्णांकडून करून घेतलेलं मुखत्यारपत्र. पोर्तुगीज काळापासूनच्या आपल्या कायद्यात नवरा-बायको सहसा निम्म्यानिम्म्याचे मालक असतात. आई गेली तेव्हाच तिचा अर्धा वाटा आम्हा भावंडांकडे, आणि आमच्याबरोबर आमच्या जोडीदारांकडे आला होता. आम्ही इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करून घ्यायची कोर्टातली प्रक्रिया, केलीच नव्हती, त्यामुळे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून अण्णांचं एकट्याचं नाव. तुमच्या घरी तसंच असेल तर ते काम आधी उरका.

मग पळापळ. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणी झाली, स्मृतिभ्रंशाचं निदान लेखी मिळालं. वकिलाने मुखत्यारपत्राविरुद्ध नोटीस काढली, सब-रजिस्ट्रारकडे हरकत दिली. करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे करार करताना माणसाला तो समजून आपल्या हिताचा विचार करता यायला हवा, आणि मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान सुटलं की कलम २०१ प्रमाणे तो अधिकारही संपतो. याची दुसरी बाजू आम्हाला उशिरा कळली. आता अण्णा मलाही मुखत्यारपत्र देऊ शकत नाहीत. खात्याची व्यवस्था बघायची तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागेल, असं वकील म्हणाले. दोन वर्षांपूर्वी, अण्णा ठीक असताना, खातं संयुक्त करून एसएमएस माझ्या मोबाइलवर वळवले असते तर पहिल्याच वीस हजारांना कळलं असतं. त्यांच्या समोर बसून, त्यांना विचारून करायचं काम होतं ते. संकोच वाटला. बापाच्या पैशांवर लेकीचा डोळा, असं कुणी म्हणेल म्हणून.

गेलेले पैसे आले नाहीत. "काकांनी खुशीने दिले," हे त्याचं म्हणणं, आणि वाड्यावरच्या निम्म्या लोकांना घरची गोष्ट चव्हाट्यावर आणणारी मीच वाईट वाटते. चेकबुक आता माझ्याकडे आहे. अण्णांच्या खिशात पाचशे रुपये ठेवते, वहीही लिहू देते.

यंदा चवथीला तो गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन आला, जणू काही झालंच नाही. अण्णांनी त्याला पाटावर बसवलं, खिसा चाचपला आणि हळूच विचारलं, "तुझे काही द्यायचे राहिलेत का रे?"