पोलीस पडताळणी की ओळखीची शिफारस?

बडोद्यात दांडिया बाजारात मुलांचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: नवे स्वयंसेवक पारखायचे कसे?

पडताळणीला कागदपत्रं, खेपा, दिवस लागतात. शिफारशीला दोन फोन. पण पडताळणीत नोंदलेले गुन्हेच कळतात, स्वभाव नाही. आणि शिफारस करणारा बहुधा नात्यातला, तो वाईट कशाला सांगेल? म्हणून आधीच्या संस्थेतल्या व्यवस्थापकाला थेट विचारा, "याला परत घ्याल का?" ते अडखळले, तर आणखी चौकशी करा.

पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नियम, 2020 नुसार मुलांच्या संपर्कातल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी संस्थेने करायची असते. स्वयंसेवकांनाही तोच निकष हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा वर्गासाठी दोन्ही करा, शिवाय पहिला महिना कुणालाही मुलांबरोबर एकटं सोडू नका. गणपतीत मांडव सांभाळणाऱ्यांना शिफारस पुरे.