उंदीर की झेब्राफिश? केशपेशींवर काम सुरू करण्याआधी

श्रवणऱ्हासावर पीएचडी करायचं ठरलं की केशपेशी (आवाज किंवा हालचाल टिपणाऱ्या, बारीक केसांच्या पेशी) कुणाच्या बघायच्या, हा प्रश्न लगेच समोर येतो. मी आधी चार वर्षं उंदरांवर काम केलं आणि मग झेब्राफिश या छोट्या माशाकडे वळलो. त्यामुळे माझं मत जरा कललेलं असेल, ते धरून वाचा.

उंदराची बाजू भक्कम आहे. कॉक्लिया (आतल्या कानातला शंखासारखा वेटोळा भाग) आपल्यासारखाच, आतल्या आणि बाहेरच्या केशपेशी वेगवेगळ्या, आणि प्रौढपणी मेलेली केशपेशी परत येत नाही, तेही आपल्यासारखंच. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांतच दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर श्रवणाचा उंबरठा (ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज) पूर्ववत होतो, केशपेशीही शाबूत राहतात, पण त्यांच्या तळाचे निम्म्यापर्यंत सायनॅप्स (मज्जातंतूशी जोडणारे सांधे) कायमचे गेलेले असतात. ओटोफर्लिन या श्रवणाला लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकदोषावरची जनुकोपचार पद्धत लहान मुलांपर्यंत पोहोचली तीही उंदरांवर तपासूनच.

मला मात्र एका गोष्टीने फार छळलं. एबीआर, म्हणजे आवाजाला मिळणारा मेंदूचा विद्युत प्रतिसाद, हवा तितक्या वेळा घ्या, पण पेशी मोजायच्या तर उंदराचा कान एकदाच बघता येतो. प्राणी मारायचा, हाड काढायचं, ते मऊ व्हायला ईडीटीए या रसायनात काही दिवस ठेवायचं आणि मग बारीक चिमट्याने एकेक वेढा सोडवायचा. मधला वेढा माझ्या हातून कितीदा फाटला याची गणती नाही. तरी फाटण्याचं दुःख सरावाने कमी होतं. न संपणारं दुःख वेगळंच: समोरच्या पट्टीत रिकामी जागा दिसते, पण याच कानात आवाजाआधी काय होतं, हे कधीच कळत नाही. तुलना नेहमी दुसऱ्या उंदराच्या कानाशी. चार वर्षांत एकही केशपेशी मी मरताना पाहिली नाही.

झेब्राफिशच्या लॅटरल लाइनमध्ये, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या इंद्रियात, केशपेशी अंगावरच असतात. पाच दिवसांचं पिल्लू घ्या, रंगद्रव्यात बुडवा, भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. केशपेशी मारणारं निओमायसिन हे प्रतिजैविक दिलं की तासाभरात न्यूरोमास्ट (लॅटरल लाइनमधला केशपेशींचा पुंजका) ओस पडतो. पिल्लू परत पाण्यात सोडायचं. दुसऱ्या दिवशी त्याच पिल्लाच्या त्याच न्यूरोमास्टमध्ये आधारपेशी विभागून जन्मलेली केशपेशींची जोडी दिसते, दोघींचे केशगुच्छ विरुद्ध दिशांना वळलेले. दोन-तीन दिवसांत जागा बरीचशी भरते. हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मी प्रयोगशाळेतून उठलोच नाही.

संख्येचाही फरक पडतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये केशपेशी वाचवणारं औषध शोधायला १०,९६० रेणू माशांच्या पिल्लांवर चाळले. उंदरांवर एवढं करायला कुणाचं आयुष्य पुरेल, सांगता येत नाही. त्या कामातून पुढे आलेला ओआरसी-१३६६१ हा केशपेशी वाचवणारा रेणू माणसांवरील चाचण्यांपर्यंत गेला.

माशाच्या मर्यादाही खऱ्याच. कॉक्लिया नाही, बाहेरच्या केशपेशी नाहीत, आणि लॅटरल लाइन आवाजापेक्षा पाण्याची हालचाल टिपते. प्रश्न सायनॅप्स-हानीचा किंवा वार्धक्यातल्या बहिरेपणाचा असेल तर उंदीरच घ्यावा लागेल, बहुधा. मग वाण मात्र जपून निवडा: सी५७बीएल/६ उंदरांत सीडीएच२३ जनुकाचा दोष असतो, त्यामुळे काही महिन्यांतच ते आपणहून उच्च स्वरांना बहिरे होऊ लागतात. सीबीए/सीएजे घ्या.

पण प्रश्न पेशी वाचवण्याचा किंवा परत उगवण्याचा असेल, तर निर्णयाआधी माशांच्या एखाद्या प्रयोगशाळेत दोन आठवडे बसून या.