नागपूर ते लंडन: दिल्लीमार्गे की मुंबईमार्गे?

नकाशावर पट्टी ठेवली तर दिल्ली जिंकते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून दिल्ली साधारण ८५५ किमी, तिथून लंडनचं हीथ्रो विमानतळ ६,७३०. मुंबई जवळ, ६८० किमी, पण पुढचा टप्पा ७,२१० चा. म्हणजे मुंबईमार्गे सुमारे तीनशे किमी जास्त, विमानाच्या वेगाने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं.

पण विमान पट्टीवरून उडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि त्यांच्या दिल्ली-लंडन विमानांना दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. अंतरातली बचत त्यातच गेली. तिकीट काढताना किलोमीटर नको, एकूण तास बघा.

डिसेंबर-जानेवारीत तर मी आईला दिल्लीमार्गे पाठवणारच नाही. दिल्लीच्या धुक्यात नागपूरचं सकाळचं विमान अडकलं की पुढचं हुकतं.

मुंबईची अडचण वेगळी. नागपूरचं विमान टी-१ ला (टर्मिनल १) उतरलं तर लंडनच्या विमानासाठी टी-२ ला (टर्मिनल २) रस्त्याने जावं लागतं, आणि त्या ट्रॅफिकमध्ये गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात. म्हणून टी-२ लाच उतरणारं विमान, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, व्हीलचेअर आधीच सांगितलेली. नागपूरच्या काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवर ‘एलएचआर’ (हीथ्रोचा कोड) छापलंय ना, तेवढं स्वतः वाचून घ्या. मग संत्राबर्फीचा डबा थेट लंडनलाच हाती येतो.