माकडतापाची गोचीड शोधायची: कापड ओढून की गुरांच्या अंगावरून?

माकडताप म्हणजे गोचिडीतून माणसांना आणि माकडांना होणारा, माकडं मारणारा विषाणूजन्य ताप. १९५७ साली शिमोग्यात सापडलेला हा ताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात दिसला. अशा नव्या भागात गोचिडींची तपासणी कुठून सुरू करावी, जंगलातल्या पाचोळ्यावरून कापड ओढून की गुरांच्या अंगावरून वेचून, हा प्रश्न येतोच.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. कापडाला मीटरभर पांढरं फ्लॅनेल आणि काठी पुरते. गुरांसाठी चिमटा, बाटल्या आणि गोठ्यात शिरू देणारा मालक.

खरा फरक हाती काय लागतं यात आहे. माणसाला प्रामुख्याने चावते ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीच्या जातीची निम्फ (प्रौढ होण्याआधीची अवस्था), आणि ती पाचोळ्यात असते. दर १०-१५ मीटरवर कापड उलटून पाहा: खसखशीएवढा ठिपका, आठ पाय. सहा असतील तर लार्व्हा, म्हणजे निम्फच्याही आधीची अवस्था. दव पडलेलं असताना ओढू नका, ओल्या कापडाला काही चिकटत नाही. गुरांवर मात्र प्रौढ गोचिडी मिळतात, त्यातही बऱ्याचदा ऱ्हिपिसेफॅलस या दुसऱ्या गटातल्याच. आणि जनावर कुठे कुठे चरलं, हे गोचीड सांगत नाही.

ओळख पटवायला प्रौढ सोप्या; पण रक्त पिऊन टम्म फुगलेली नको. कातडीलगत धरून सरळ ओढा, नाहीतर तोंडच तुटतं आणि ओळख तिथेच संपते. ऱ्हिपिसेफॅलसच्या डोक्याचा तळ षटकोनी. हिमाफायसॅलिसला डोळे नसतात, पॅल्प (तोंडाशेजारच्या दोन मिशा) सहसा बाहेर फाकलेले.

जमवलेल्या गोचिडी बोटांनी चिरडू नयेत.

माकड मेलेल्या जागेचा धोका मोजायचा असेल तर हिवाळा-उन्हाळ्यात कापडच. गावात कोणत्या जाती आहेत, एवढंच एका सकाळीत हवं असेल तर गोठा गाठा.