सेजथंब्स: पीएसडी न उघडता आत काय आहे ते दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर

फ्लेक्सवाल्यांचा, लग्नपत्रिकावाल्यांचा किंवा द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं करणाऱ्यांचा संगणक उघडला की एक गोष्ट हमखास दिसते. फोल्डरभर एकसारखे निळे चौकोन, आणि खाली नावं: 'दादा वाढदिवस फायनल', 'दादा वाढदिवस फायनल २', 'दादा नवीन फोटोसह'. जेपीजी आणि पीएनजीचं छोटं चित्र विंडोज स्वतःच दाखवतं. फोटोशॉपची पीएसडी मात्र त्याला वाचता येत नाही, म्हणून फक्त आयकॉन येतो. नेमकी फाइल हवी तर एकेक उघडून बघायची. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स पूर्ण मापात ७२ डीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) केला तर चित्र १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलचं होतं. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत), एकाच थराचा (लेयरचा) धरला तरी, तो मेमरीत सुमारे ६०० एमबी जागा घेतो. अशा चार फाइली 'ही नाही' म्हणून बंद करेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जातं.

सेजथंब्स हे त्यावरचं छोटं सॉफ्टवेअर आहे. निकोलाय रास्पोपोव्ह यांनी लिहिलेलं, मुक्त-स्रोत, पैसे लागत नाहीत. वेगळी खिडकी वगैरे काही उघडत नाही. ते थेट विंडोज एक्स्प्लोररमध्ये, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीत, बसतं आणि त्याला ठाऊक नसलेल्या फाइलींचं थंबनेल, म्हणजे छोटं चित्र, तयार करून देतं. चित्र वाचण्याचं काम ते एक्सएनव्ह्यू या चित्रं बघण्याच्या सॉफ्टवेअरच्या जीएफएल लायब्ररीकडून करून घेतं, त्यामुळे १६२ प्रकारच्या चित्रफाइली ओळखतं. त्यातल्या दीडशे तरी तुमच्या दुकानात जन्मात येणार नाहीत, पण पीएसडी, टीजीए, पीसीएक्स आणि जुन्या स्कॅनरच्या विचित्र टिफ फाइली येतात, आणि तिथे हे कामाला येतं.

टाकायला सोपं आहे. डाउनलोड मात्र सोर्सफोर्ज किंवा गिटहबवरच्या मूळ पानावरूनच करा. 'फ्री सॉफ्टवेअर' देणाऱ्या इतर साइटी सोबत आणखी दोन नको त्या गोष्टी गळ्यात मारतात. इन्स्टॉलरमध्ये ३२ आणि ६४ बिट असे दोन्ही भाग असतात आणि दोन्ही राहू द्यावेत. ६४ बिट विंडोजचा एक्स्प्लोरर फक्त ६४ बिटचा भाग वापरतो, पण एखादं जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर 'ओपन'ची खिडकी उघडतं तेव्हा तिथे ३२ बिटचाच भाग चालतो. फोल्डरमध्ये चित्र दिसतं आणि त्याच फोल्डरच्या 'ओपन' खिडकीत दिसत नाही, अशी तक्रार असली तर बहुतेक वेळा कारण हेच.

टाकून झाल्यावर लगेच चित्रं दिसली नाहीत तर घाबरू नका. विंडोजने त्या फाइलींचा कोरा आयकॉन आधीच साठवून ठेवलेला असतो. 'डिस्क क्लीनअप' उघडा, सी ड्राइव्ह निवडा, फक्त 'थंबनेल्स'वर खूण ठेवा, बाकी सगळ्या काढा आणि ओके करा. विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत याच यादीत 'डाउनलोड्स' फोल्डरही असतो. त्याची खूण चुकून राहिली तर गिऱ्हाइकांनी मेलवर पाठवलेले सगळे फोटो एका क्लिकमध्ये साफ. मग टास्क मॅनेजरमधून 'विंडोज एक्स्प्लोरर' रीस्टार्ट करा आणि फोल्डरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ दाबा. त्याने २५६ पिक्सेलचे सर्वांत मोठे आयकॉन येतात. लेबल किंवा पत्रिका ओळखायची तर हाच आकार घ्यावा. ९६ पिक्सेलवर गणपती आणि गजानन महाराज सारखेच दिसतात.

तरीही कोरं दिसत असेल तर फोल्डर ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू' टॅबमध्ये 'ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर शो थंबनेल्स'वर खूण आहे का बघा. संगणक 'फास्ट' करून देणारे दुरुस्तीवाले ही खूण करून जातात आणि सांगत नाहीत.

आता सेटिंगकडे वळू, कारण हे सॉफ्टवेअर उपयोगी ठरणार की डोकेदुखी होणार ते तिथेच ठरतं. ऑप्शन्सच्या खिडकीत फाइलींच्या एक्स्टेन्शनची लांबलचक यादी आहे. सगळ्या खुणा काढून टाका आणि रोज लागतात त्या पाच-सहाच परत लावा. जेपीजी, पीएनजी विंडोजकडेच राहू द्या, ते काम तो जलद करतो. दुसरी गोष्ट फाइलच्या कमाल आकाराची. ठरलेल्या आकारापेक्षा मोठ्या फाइलीला सेजथंब्स हात लावत नाही. लग्नपत्रिका दिसतात आणि फ्लेक्स दिसत नाहीत असं झालं तर आधी हा आकडा तपासा. आकडा वाढवताना फाइलीत आधीच असलेलं थंबनेल वापरण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर प्रत्येक मोठी पीएसडी अख्खी वाचली जाते आणि फोल्डर उघडल्यावर हार्डडिस्क दोन-दोन मिनिटं घरघरत बसते.

हे आतलं थंबनेल फोटोशॉप सेव्ह करताना टाकतं, साधारण १६० पिक्सेलचं छोटं जेपीजी. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'फाइल हँडलिंग'खाली 'इमेज प्रिव्ह्यूज' आहे, ते 'ऑल्वेज सेव्ह'वर हवं. तिथेच 'मॅक्झिमाइझ पीएसडी अँड पीएसबी फाइल कम्पॅटिबिलिटी' आहे, तेही 'ऑल्वेज'वर. फाइल लहान व्हावी म्हणून बरेच डिझायनर हे दुसरं बंद करतात. मग फाइलीत फक्त थर उरतात, सगळे थर मिळून झालेलं एकत्र चित्र उरत नाही. फोटोशॉप सोडून इतर बऱ्याच सॉफ्टवेअरना ते थर जोडून दाखवणं नीट जमत नाही आणि पांढरा चौकोन येतो. अशा पांढऱ्या चौकोनाचा दोष सेजथंब्सला देण्यात अर्थ नाही, फाइलच तशी ठेवलेली असते. उपाय एकच: उघडा, सेटिंग बदला, पुन्हा सेव्ह करा. इलस्ट्रेटरचं दुखणंही याच जातीचं. सेव्ह करताना 'क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल'ची खूण काढली असेल तर प्रिव्ह्यूमध्ये चित्राऐवजी इंग्रजी सूचनेच्या ओळी दिसतात.

मोठ्या होर्डिंगवाल्यांसाठी एक मर्यादा. पीएसडी कोणत्याही बाजूने ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी होत नाही. ४० बाय २० फूट पूर्ण मापात ७२ डीपीआयला केलं तर लांबी ३४,५६० पिक्सेल होते, म्हणजे पीएसबीच (फोटोशॉपचाच मोठ्या फाइलींचा प्रकार) करावी लागते. २०२७च्या सिंहस्थासाठी अशी कामं वाढतील. पीएसबीच्या प्रिव्ह्यूसाठी सेजथंब्सवर विसंबू नका, अडोबी ब्रिज (फाइली बघण्याचं सॉफ्टवेअर) वापरा. तो अडोबीचा आयडी असला की पैसे न भरता मिळतो. त्यात आणखी एक सोय आहे: प्रेफरन्सेसमध्ये 'कॅश'खाली थंबनेलचा साठा त्या-त्या फोल्डरमध्येच ठेवायला सांगता येतं, म्हणजे फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तरी तिथल्या ब्रिजला चित्रं तयार मिळतात. विंडोजमध्ये तसं होत नाही. तिथे हा साठा वापरकर्त्याच्या 'अॅप डेटा'मधल्या 'थंबकॅश' नावाच्या फाइलींत असतो, आणि पेनड्राइव्ह दुसरीकडे लावला की पहिल्यापासून सुरुवात.

कोरेलच्या सीडीआर फाइलींसाठी सेजथंब्स नको, कोरेल टाकतानाच त्याचं स्वतःचं शेल एक्स्टेन्शन (एक्स्प्लोररमध्ये चित्र दाखवणारा भाग) निवडा. ज्या संगणकावर कोरेलच नाही तिथे एक जुगाड चालतो. कोरेलच्या एक्स४ आवृत्तीपासूनची सीडीआर ही आतून झिप फाइल असते. तिची प्रत काढा, शेवटचं सीडीआर पुसून झिप लिहा, उघडा. 'मेटाडेटा' फोल्डरमध्ये 'थंबनेल्स' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात पानाचं छोटं चित्र. शंभर फाइलींसाठी ही पद्धत नाही, पण रात्री मेलवर आलेली पत्रिका हीच का, एवढं बघायला पुरते.

स्टुडिओवाल्यांच्या रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलींसाठीही वेगळी सोय आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं 'रॉ इमेज एक्स्टेन्शन' फुकट आहे आणि सीआर२, एनईएफ वगैरे फाइली दाखवतं. आयफोनच्या हेइक फोटोंसाठी 'हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स' घ्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर 'एचईव्हीसी' एक्स्टेन्शनही लागतं, जे थोडे पैसे देऊन मिळतं. एसव्हीजीसाठी मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज पुरे.

सेजथंब्समधली सर्वांत दिखाऊ गोष्ट म्हणजे राइट-क्लिक केल्यावर मेनूतच चित्र दिसणं. तिथूनच जेपीजी किंवा पीएनजीत रूपांतर, मेलवर पाठवणं, वॉलपेपर लावणंही होतं. ऐकायला छान, पण कामाच्या संगणकावर हे बंद ठेवावं असं आमचं स्पष्ट मत. थंबनेल बनवण्याचं काम विंडोज 'कॉम सरोगेट' नावाच्या वेगळ्या प्रक्रियेत करतं. एखादी बिघडलेली फाइल आली तर तेवढी प्रक्रिया पडते आणि एक्स्प्लोरर शाबूत राहतो. मेनूतला प्रिव्ह्यू मात्र एक्स्प्लोररच्या आतच चालतो. तिथे जड फाइल अडकली की टास्कबारसकट सगळं गोठतं. विंडोज ११मध्ये हा मेनू तसाही 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे गेला आहे, त्यामुळे बंद केल्याने फारसं काही बिघडत नाही.

'चित्र जुनंच दिसतंय' ही तक्रार जास्त घोळात टाकणारी आहे, कारण तिथे चुकीचा फोटो छापायला जाऊ शकतो. कॅमेरा प्रत्येक जेपीजीमध्ये १६० बाय १२० पिक्सेलचं छोटं चित्र एक्झिफमध्ये (फोटोसोबतच्या माहितीत) ठेवतो. काही सॉफ्टवेअर फोटो कापतात, रंग बदलतात, पण आतलं हे छोटं चित्र तसंच सोडून देतात. मग आतलं थंबनेल वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कापण्याआधीचा फोटो दिसतो. त्याची खूणही दिसते: फोटो ३:२ प्रमाणातला आणि छोटं चित्र ४:३ प्रमाणातलं असल्यामुळे वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या येतात. त्या दिसल्या की समजावं, थंबनेल कॅमेऱ्याचंच आहे. जेपीजी सेजथंब्सच्या यादीतून काढायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

दोन-तीन संगणक एकाच सामायिक फोल्डरवर काम करत असतील तर 'थंब्स डॉट डीबी'शी गाठ पडते. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये विंडोज ही लपलेली फाइल बनवतं, आणि फोल्डर पुसायला किंवा नाव बदलायला गेलं की 'फाइल उघडी आहे' म्हणून अडवतं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत यूजर कॉन्फिगरेशनखालच्या 'फाइल एक्स्प्लोरर' भागात थंब्स डॉट डीबीत साठवण बंद करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नाही, तिथे तात्पुरता उपाय म्हणजे त्या फोल्डरचा व्ह्यू 'डिटेल्स' करून मग पुसणं.

बाहेरच्या एजन्सीकडून मॅकवर केलेलं काम पेनड्राइव्हवर आलं की प्रत्येक चित्रासोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी, बहुधा ४ केबीची जुळी फाइल दिसते. तिचा प्रिव्ह्यू कशातच येत नाही. मॅक फाइलीचा आयकॉन आणि इतर माहिती वेगळी ठेवतो आणि एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर त्यासाठी जागा नसल्याने ही जोडफाइल बनते. 'फोटो करप्ट आलेत' म्हणून एजन्सीला फोन करण्याआधी तेवढं बघून घ्या. खरी फाइल शेजारीच असते.

सेजथंब्सचा मोठा उणेपणा म्हणजे बरीच वर्षं त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. आज चालतं, विंडोजच्या पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर चालेलच असं नाही. अपडेटनंतर एक्स्प्लोरर सारखा बंद पडू लागला तर पहिल्यांदा हेच काढून बघा. कंट्रोल पॅनेलमधून निघतं, फाइलींना काही होत नाही.

आणि हा प्रिव्ह्यू फक्त तुमच्या स्क्रीनपुरता. गिऱ्हाइकाला फोटो निवडायला द्यायचे तर काँटॅक्ट शीट (एका पानावर अनेक छोटे फोटो) काढावं लागतं, ते सेजथंब्समध्ये नाही. इरफानव्ह्यू या चित्रं बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टी दाबून थंबनेलची खिडकी उघडा, फोटो निवडा आणि फाइल मेनूतून काँटॅक्ट शीट करा. (धंद्यासाठी वापरायचं तर त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.) ए४ पान ३०० डीपीआयला २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल होतं. त्यात ४ रकाने आणि ६ ओळी घेतल्या तर एकेक फोटो सुमारे पाच सेंटिमीटर रुंद येतो आणि खाली फाइलीचं नाव वाचता येतं. ६०० फोटोंचं लग्न २५ पानांत बसतं. नाव छापायला विसरू नका, नाहीतर 'तो मामांच्या शेजारचा' असे निरोप येतात. पानं व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं आणि नेमके फोटोखालचे आकडे पुसट होतात.